ऐकलंत का, शाळा मान्यताप्राप्त आहे म्हणे!

अहो वहिनी, जरा इकडे या ना कुंपणाशी. ते कपडे मागाहून वाळत घाला, ऊन काही पळून जात नाही. ऐकलंत का, आपल्या बँकवाल्या काकांनी मध्यंतरी शाळेत जाऊन काय केलं ते? नाही? अगंबाई, म्हणजे अख्ख्या कॉलनीत तुम्हीच राहिलात की हो!

तीच शाळा, पेट्रोल पंपामागची. नाव नको घ्यायला, उगाच कुणाच्या कानावर जायचं. काकांच्या नातवाला पहिलीत घालायचं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. सूनबाईंनी तिथलं ब्रोशर दोन महिने फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. त्यावर ती घोड्यावर बसलेली मुलगी आहे ना, तीच. शाळेत घोडा कुठाय विचारा! वॉचमनचं कुत्रं आहे फक्त. पण गेटवरचा बोर्ड काय विचारता! ‘शासन मान्यताप्राप्त’, ‘आयएसओ मानांकित’, ‘सीबीएसई पॅटर्न’, सगळं एकाखाली एक, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं झगमगतंय.

तर काका गेले सूनबाईंबरोबर. काकांचा जन्म गेला बँकेच्या तपासणी खात्यात, दुसऱ्याच्या वह्या चाळण्यात. ब्लेझरवाली मुलगी आली, काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. स्मार्ट बोर्ड दाखवला, रोबोटिक्सची लॅब दाखवली. काकांनी सगळं शांतपणे बघितलं नि म्हणाले, “छान. आता नमुना दोन दाखवा.”

ती म्हणे, “सर, सँपल पेपर्स का?”

अहो, काय हसले असतील काका मनात! नमुना दोन म्हणजे आरटीईच्या, शिक्षण हक्क कायद्याच्या, मान्यतेचं प्रमाणपत्र. हे आपल्याला सांगायला नको, आमच्या घरात वन्सं आहेत ना, केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालेल्या. पण त्या मुलीला बिचारीला काय माहीत? तिनं मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं. त्या आल्या हसत हसत, नि काकांनी पुन्हा तेच म्हटल्यावर… सूनबाई सांगत होती, बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. कपाट उघडलं, फाइल काढली, तर तारीख उलटून गेलेली. तीन वर्षांनी ते पुन्हा करून घ्यावं लागतं ना. बाई म्हणतात, “रिन्यूअल प्रोसेसमध्ये आहे.” काका म्हणतात, “असेल की. अर्जाची पोच दाखवा.” आणि मग काय, पोच आणायला क्लार्क गेला तो अजून येतोय! सूनबाई तर जमिनीकडे बघत बसली होती. तिला वाटलं, आता हे माझ्या पोराला घेणारच नाहीत.

आणि बिनमान्यतेची शाळा चालवली तर लाख रुपयांपर्यंत दंड आहे हो कायद्यात, वर चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. २००९चा कायदा, २०१० सालच्या एक एप्रिलपासून लागू. आता तो दंड कुणी भरलेला मी तरी पाहिला नाही, पण लिहिलंय खरं.

काय म्हणता? मान्यता चालू असती तर शाळा चांगली म्हणायची का? तेच तर सांगायला बोलावलं तुम्हाला! मी अगदी हेच वन्संना विचारलं, तर त्या अशा हसल्या… तुम्हाला माहीतये ना त्यांचं हसणं, नाकातल्या नाकात. म्हणाल्या, “अगं, मान्यता भिंतीला मिळते. शिकवण्याला नाही.”

म्हणजे बघा, काय काय बघतात? इमारत पक्की आहे का, शिक्षकागणिक एक वर्गखोली आहे का, मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी आहेत का, प्यायचं पाणी, रॅम्प, कुंपण, खेळाचं मैदान, वाचनालय. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस. वर्षात दोनशे दिवस नि आठशे तास शिकवणं, वरच्या वर्गांना दोनशे वीस दिवस नि हजार तास. सगळं हवंच, नाही म्हणत नाही मी. पोरींना शाळेत जाऊन पाणी प्यायची भीती वाटायची आपल्या वेळी, कारण परत कुठं जायचं हा प्रश्न. त्या कायद्यानं तेवढं तरी झालं. पण पोरगं तिसरीत गेल्यावर त्याला वाचता येतंय का, हे त्या यादीत कुठेच नाही!

वन्संच्या तपासणीच्या गोष्टी तुम्ही ऐकायला हव्यात. एका शाळेत गेल्या तर रॅम्प असा ओला, सिमेंटचा. आदल्या रात्री घातलेला. वन्संची चप्पल रुतली हो त्यात! मुख्याध्यापक म्हणतात, “मॅडम, डागडुजी चालू होती.” आणि वाचनालय म्हणजे कार्यालयातलं काचेचं कपाट, कुलूप घातलेलं. किल्ली कुठाय? किल्ली भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब कुठायत? रजेवर. वन्संनी काचेतूनच वाकून पाहिलं, तर गोष्टींच्या पुस्तकांवरचं दुकानाचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. रजिस्टरवर मात्र पुस्तकं दिल्याच्या नोंदी. एका दिवशी, एकाच हस्ताक्षरात, अख्ख्या वर्गाच्या!

पण ते राहू द्या… तर काय सांगत होते? हां, मूल्यमापन. तुम्ही म्हणाल, मग सरकार नुसत्या भिंतीच मोजतं का? नाही हो, शिकवणं बघायचे आराखडेही निघाले. आधी ते शाळासिद्धी आलं, २०१५ साली. सात क्षेत्रं, शेहेचाळीस मानकं. शाळेनं स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, मग बाहेरचे लोक येऊन पडताळणार. आता आपल्या राज्यात ते नवं आलंय, स्क्वाफ का काय म्हणतात, त्यात एकशे अठ्ठावीस मानकं! वन्संची धाकटी मैत्रीण अजून नोकरीत आहे, ती फोनवर रडकुंडीला आली होती. प्रत्येक मानकाला पुरावा हवा. फोटो काढा, ड्राइव्हवर चढवा, लिंक द्या. ती म्हणाली, “ताई, मुलं वाचताहेत याचा फोटो काढायच्या नादात मुलांचं वाचायचं राहून जातंय.”

कल्पना वाईट नाही म्हणतात वन्सं. शाळेनं आरशात बघावं, कुठं कमी पडतो ते लिहावं, म्हणून स्वतःचे गुण स्वतः द्यायचे. पण वहिनी, स्वतःला नापास करणारं कुणी पाहिलंयत का? त्यातून ॲडमिशनचा सीझन असेल तर! ती पंपामागची शाळा म्हणे सगळीकडे वरचीच पातळी लिहून मोकळी. मुख्याध्यापिकाबाईंनी तेच काकांना कौतुकानं सांगितलं. काकांनी विचारलं, “आणि पडताळायला कोण आलं होतं?” झालं, परत चेहरा एवढासा.

आयएसओचं तर नावच काढू नका. ते प्रमाणपत्र कारखान्यालाही मिळतं नि हॉस्पिटललाही. कामाची पद्धत लिहून ठेवलीय का, कागद जागेवर आहेत का, तेवढं बघतात. फळा त्यात येत नाही. आणि सीबीएसई पॅटर्न! ‘पॅटर्न’ हा शब्द दिसला की समजायचं, बोर्डाची संलग्नता हातात नाही. असती तर नंबर नसता का लिहिला ठळक? बोर्डाच्या साइटवर शाळेचं नाव टाकलं की दिसतं, काकांनी तिथल्या तिथे मोबाइलवर टाकून बघितलं. कॉफी गार झाली त्यांची, पण बघितलं.

बरं, आता खरी गंमत ऐका. जवळ या. ही गोष्ट कोपऱ्यावरच्या घरातली. त्या एसटीत कंडक्टर आहेत ना, त्यांचा मुलगा त्याच शाळेत दुसरीत. एक दिवस वन्संच्या ओट्यावर तीन पोरं अभ्यासाला बसलेली, तिघं एकाच वर्गातली. इंग्रजीच्या वह्या उघडलेल्या. वन्सं सवयीनं चाळायला लागल्या, केंद्रप्रमुखाचा हात तो, वही दिसली की थांबत नाही. ‘माय मदर’ निबंध. पहिल्या वहीत, माझी आई गृहिणी आहे, ती चविष्ट स्वयंपाक करते, ती साडी नेसते, ती घरी राहून माझी काळजी घेते. सगळं इंग्रजीत हं, फडाफडा. दुसऱ्या वहीत तेच. शब्द न् शब्द. नि तिसऱ्या वहीत, त्या कंडक्टरबाईंच्या मुलाच्या… तेच! माझी आई गृहिणी आहे, ती घरी राहून माझी काळजी घेते. खाली लाल पेनानं टिक, ‘व्हेरी गुड’ नि एक हसरा स्टार.

अहो, ती बाई पहाटे साडेचारला डबा करून डेपोत जाते! खाकी गणवेशात दिवसभर उभ्यानं तिकिटं फाडते, म्हणजे आता मशीनवर काढते. साडी तिची लग्नाला निघते कपाटातून. वन्संनी पोराला विचारलं, “बाळा, तुझी आई घरी असते का रे?” तो म्हणतो, “नाही. पण टीचरनी फळ्यावर लिहिलं होतं तेच लिहायचं असतं. मी ‘बस’ लिहिलं होतं, तर त्यांनी खोडलं.” वन्संनी पान उजेडात धरलं. खरंच हो, खोडरबरानं घासलेली जागा दिसत होती, कागद पातळ झालेला.

मग काय, ओपन हाऊसच्या दिवशी ती बाई गेली. मुद्दाम गेली की ड्यूटी संपवून वेळ झाला नाही देव जाणे, पण गेली ती खाकीतच. खांद्याला ती कातडी पिशवी तशीच. टीचरसमोर वही ठेवली नि म्हणाली, “मॅडम, ह्यातली आई मला भेटवा, घरी कामाला हवीये.” आजूबाजूच्या आयांना हसू आवरेना. टीचरचा चेहरा असा पडला, असा पडला… कंडक्टरबाईंनाच मग वाईट वाटलं म्हणे.

पण ऐका पुढचं, कारण मला हे फार लागलं. गर्दी ओसरल्यावर ती टीचर तिला जिन्यात गाठून म्हणाली, “ताई, वर्गात शेहेचाळीस मुलं आहेत माझ्या. प्रत्येकानं स्वतःचं लिहिलं तर चुका होणार. चुका झाल्या की पालक वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकतात, मग वरून बोलावणं येतं. म्हणून मी फळ्यावर लिहून देते. वही स्वच्छ दिसली की सगळे खूश.” आणि पोरगी कोण, तर हीच नुकती डीएड झालेली, पंचवीस-सव्वीसची. सही मोठ्या आकड्यावर करायची नि हातात पडतात बारा हजार. हे काही तिनं सांगितलं नाही, हे भाजीवालीच्या… जाऊ दे, कुणाकडून कळलं ते विचारू नका.

म्हणजे दोष कुणाला द्यायचा सांगा? चकचकीत वही कुणाला हवीय? तुम्हाला-मलाच ना! पोराच्या वहीत लाल फुल्या दिसल्या की आपणच तोंडं फुगवतो. वन्सं म्हणतात, शाळा बघायला गेलात तर वर्गातल्या तीन वह्या मागा, एका विषयाच्या, एकाच दिवसाच्या. तिन्ही सारख्या असतील तर उठून यायचं. चुका वेगवेगळ्या असतील, नि त्या चुकांपाशी शिक्षकानं काहीतरी लिहिलं असेल, तर बसायचं आणि चहा घ्यायचा.

हं, चहावरून आठवलं, तुमच्याकडचं ते आलं… राहू दे, नंतर.

तर काय सांगत होते? वाचायची परीक्षा. अहो, काकांनी हे नमुना प्रकरण घरी येऊन सांगितलं, तेव्हा सूनबाई फणकारली. “बाबा, कागद काय, होतील रिन्यू. मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात तिथली!” काका गप्प. पण वन्सं बसल्या होत्या ना तिथे. म्हणाल्या, “बोलतात की वाचतात?” आणि रविवारी बोलावलं कॉलनीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांना ओट्यावर, लाडू देते म्हणून.

ते ‘असर’चं नाव ऐकलंय ना तुम्ही? ‘प्रथम’ संस्थेवाले २००५पासून खेड्यापाड्यांतून घरोघर जातात नि मुलांना वाचायला देतात. काही अवघड नाही हो. एका कागदावर अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोरगं जिथे अडखळलं तिथे त्याची पातळी. गणितात हातच्याची वजाबाकी नि भागाकार. शाळेत नाही, घरी येऊन विचारतात, म्हणून पोपटपंची चालत नाही. २०२४च्या अहवालात ग्रामीण भागातली तिसरीची मुलं, सरकारी-खासगी सगळी धरून, देशभरात शंभरातली साधारण सत्तावीसच ती दुसरीची गोष्ट नीट वाचू शकली. शंभरातली सत्तावीस, वहिनी!

वन्संनी तसलाच कागद केला. मराठीत एक, इंग्रजीत एक. पहिला आला त्या पंपामागच्या शाळेतला, बिल्डरसाहेबांचा. चौथीतला हं. आधी त्याला त्याचंच इंग्रजी पुस्तक दिलं. काय वाचलं हो! मान डोलावत, हात हलवत. आई कौतुकानं मोबाइलवर शूटिंग करतेय. वन्संनी हळूच पुस्तकावर हात ठेवला, पान झाकलं. पोरगं वाचतच राहिलं! बघायचीही गरज नाही. मग त्यांनी आपला कागद पुढे केला, अगदी सोपं, मांजर नि दूध. तिथे गाडी ‘कॅट’च्या पुढे सरकेना. मराठी कागदावर तर ‘विहीर’ ला ‘वीर’, नि ‘म्हातारी’ला नुसतं आईकडे बघणं. आईचा फोन हळूहळू खाली आला. लाडू घेतला नाही त्यांनी.

आता तुम्हाला वाटेल, आपल्या कामवाल्या मावशींची नात, नगरपालिकेच्या शाळेतली, तिनं फडाफडा वाचलं नि सगळ्यांचे डोळे उघडले. तसं व्हायला सिनेमा आहे का? वाचलं तिनं, गोष्ट अगदी शेवटापर्यंत, मधे थांबून हसलीसुद्धा म्हातारीच्या बोलण्यावर. पण वजाबाकी दिली, एकावन्नातून अठरा, तर हातचा घ्यायचा कुठून तेच कळेना. बोटं संपली नि ती रडायला आली. बिल्डरसाहेबांच्या मुलानं ती दोन सेकंदांत केली, क्लास आहे ना त्याचा वेगळा. म्हणजे क्लासवाल्यानं शिकवलं ते श्रेय कुणाचं? फी शाळा घेते!

आणि हेच वन्संचे जावई म्हणत होते, ते अर्थशास्त्र शिकवतात ना कॉलेजात. आंध्रात म्हणे असा प्रयोग झाला होता, मुरलीधरन आणि सुंदररामन या दोघांचा. गावागावांत चिठ्ठ्या काढून काही मुलांना खासगी शाळेची फी भरून दिली, बाकीची सरकारी शाळेत राहिली. चार वर्षांनी बघितलं, तर तेलुगू नि गणितात फरकच नाही! हिंदीत मात्र खासगीवाली पुढे, कारण तिथे हिंदी शिकवत होते. नि गंमत म्हणजे खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे पैशाच्या हिशेबात खासगीच स्वस्त, पण आपण समजतो तशी तिथे जादूही नाही. खासगी शाळेतली मुलं हुशार दिसतात, कारण ती आधीच शिकलेल्या आईबापांच्या घरून येतात. जावई हे सांगत होते तेव्हा बिल्डरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. बराच वेळ शोधत होत्या.

सूनबाई पण कच्च्या गुरूची चेली नाही हं. तिनं विचारलं, “मग आत्या, बघायचं तरी काय?” आणि वन्सं काय म्हणाल्या माहितेय? “टीचर किती टिकतात ते विचार.” त्या शाळेत दुसरीच्या वर्गाला वर्षात तिसरी टीचर आलीये. मुलांना नाव पाठ होईस्तोवर बाई बदलते. त्यातून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झालेल्या किती, ते विचारा. खासगी शाळेलाही ती लागते, लोकांना वाटतं फक्त सरकारीला. आणि आता तर सुप्रीम कोर्टानं २०२५च्या एक सप्टेंबरला सांगून टाकलं, आधीपासून नोकरीत असलेल्यांनीही दोन वर्षांत टीईटी व्हायचं, पाच वर्षांहून कमी नोकरी उरलेल्यांना तेवढी सूट. आमच्या मागच्या गल्लीतल्या बाई पन्नाशीला आल्यात, रात्री गॅलरीत दिवा लावून बालमानसशास्त्र पाठ करतात. नवरा दूध गरम करून देतो म्हणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि दुसरं वन्संनी सांगितलं ते मला फार पटलं. “पंचवीस टक्क्यांची मुलं कुठे बसतात ते बघ.” आरटीईच्या सोडतीतून येतात ना गरीब घरची मुलं, खासगी शाळेत पहिल्याच वर्गापासून, ती. सरकार त्यांच्यामागे वर्षाला सतरा हजार सहाशे सत्तर रुपये देणार, नि तेही वेळेवर देत नाही म्हणून संस्थाचालक कुरकुरतात. ती कुरकुर खोटी नाही हो, थकबाकी आहेच. २०२४मध्ये तर सरकारनंच नियम बदलला होता, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीनं ही मुलं घ्यायला नकोत म्हणून. हायकोर्टानं जुलैत तो मोडीत काढला. पण काही ठिकाणी त्या मुलांना वेगळी तुकडी. कायद्यानं चालत नाही, तरी. पंपामागच्या शाळेत विचारलं काकांनी, तर ब्लेझरवाली म्हणाली, “डोन्ट वरी सर, त्यांचा बॅच सेपरेट आहे.” ती बापडी दिलासा द्यायला म्हणाली! मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं म्हणे, की पोरगी पुढे बोललीच नाही.

अगं हो, मुलाखतीचं राहिलंच! काकांच्या नातवाला तिथे रंग ओळखायला लावले, नि सूनबाईंना विचारलं, घरी कोणती भाषा बोलता. पहिलीच्या प्रवेशाला अशी चाळणी लावायची नाही, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. नातू मात्र ऐकणारा नाही. त्याला जांभळा रंग दाखवला, तर म्हणाला, “हा वांग्याचा.” बाईंना ते चूक वाटलं.

मग शेवटी काय झालं? सांगते ना! दुसरी शाळा बघितली, ती जुनी, देवळाच्या बोळातली. संस्थेची, अनुदानित. मराठी माध्यम म्हटल्यावर सूनबाईंचं नाक वर. बोर्ड इतका जुना की ‘प्राथमिक’ मधला ‘थ’ गेलाय. काका-सूनबाई न कळवताच गेले, सुटायच्या वेळी. वन्संनीच सांगितलं होतं, ब्रोशर बघायचं नाही, सुटायची वेळ बघायची. तिथे एक बाई दारात उभ्या होत्या, एकेका पोराला नावानं हाक मारून सोडत होत्या. एकाला थांबवलं नि म्हणाल्या, “तुझं ते ‘र’चं पान राहिलंय, उद्या माझ्या शेजारी बस.” सूनबाईंनी मग तीन वह्या मागितल्या. दिल्या लगेच. तिन्हींत चुका वेगवेगळ्या! एकीत बाईंनी समासात विहिरीचं छोटं चित्र काढून ‘ही’वर गोल केलेला.

पण उगाच चांगलंच सांगू का? वर्गात बावन्न मुलं. दोन पदं रिकामी, भरती होत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. सूनबाई नाक दाबून बाहेर आली. काका म्हणाले, “कडी आपण लावून देऊ.” ती म्हणाली, “बाबा, बावन्न मुलांना कडी लावून होत नाही.” आणि बरोबर आहे तिचं! वन्संसुद्धा गप्प बसल्या. तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणणारा कायदा तिथेही आहेच की.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. वरच्या मजल्यावरून सगळं ऐकू येतं आम्हाला. म्हणजे मुद्दाम कुणी ऐकत नाही हं… चौथ्या दिवशी पेढे! मी म्हटलं कुठे घातलं? तर म्हणे, तिसऱ्याच शाळेत. ती नाही का, नदीपलीकडची, खासगीच, विनाअनुदानित, सेमी-इंग्लिश. फी मधली, घोडा नाही, बोर्ड साधा, नमुना दोन कार्यालयाबाहेर फ्रेम करून टांगलेला. पहिलीत अठ्ठावीस मुलं, नि वर्गशिक्षिका तिथेच नऊ वर्षं. काकांनी तिथेही फाइल मागितली, तर मुख्याध्यापकांनी खुर्ची ओढून दिली नि म्हणाले, “निवांत बघा, बऱ्याच वर्षांनी कुणी मागितली.” काका अजून त्या वाक्यावर खूश आहेत.

आणि काकांनी काय केलंय पुढे ते ऐकलंत का? शाळा सुरू झाली की तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ करावा लागतो ना, फीच्या कायद्यानं. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या काढून ठरते, नि फी किती वाढवायची त्याला त्या समितीची मंजुरी लागते. बहुतेक शाळांत चिठ्ठ्या कोण कधी काढतं, ते पालकांना कळतही नाही. काकांनी मुलाचं नाव घालायला लावलं. म्हणाले, चिठ्ठी काढताना मी समोर उभा राहणार. नि नशीब बघा, पहिलीच चिठ्ठी त्याचीच निघाली! मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता म्हणे, त्याला कंपनीतून अर्धा दिवस रजासुद्धा मिळत नाही. काका मात्र चष्मा पुसून तयार. मीटिंगला मुलाच्या वतीनं मीच जाऊन बसू का, असं मुख्याध्यापकांना विचारून आलेत. ते काय म्हणाले, ते सूनबाई संध्याकाळी सांगणार आहे. या ना तुम्ही पण पाच वाजता, आणि ते आलं घेऊन या.